पिशवी गेली, दुखणं राहिलं

खुर्ची दिसली की मी आधी तिची बैठक बघते. प्लास्टिकची असली तर थोडा वेळ निभतं. लाकडी बाक असला तर भिंतीला टेकून उभं राहिलेलं बरं. शाळेत माझी खुर्ची लोखंडी आहे, त्यामुळे मी दिवसभर उभ्यानं शिकवते. बाहेरचे साहेब आले की आमचे हेडमास्तर माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं सांगतात, "हमारी मैडम कभी बैठती नहीं." एका शिक्षक दिनाला मला त्याबद्दल शाल आणि नारळही मिळाला. मी तो उभ्यानंच घेतला.

मी बालाघाटात राहते आणि लामत्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझं दुखणं ओटीपोटाच्या अगदी तळाशी आहे. माणूस बसतो ना, नेमकं तिथे. त्या जागेला मराठीत नाव आहे, हिंदीतही आहे, पण ते बाईमाणसानं तोंडातून काढायचं नसतं. म्हणून मी शाळेत मूळव्याध सांगून मोकळी झाले. मूळव्याध चारचौघांत बोलता येते. प्रत्येकाकडे तिच्यावर एक पाला असतो.

हे मी राग मनात धरून लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणारीला वाटायचं की शेवटी मी सगळ्यांना माफ करून देवाचे आभार मानणार. तसलं काही होणार नाही. पण माझ्यासारखी कोणी कुठे उभ्यानं दिवस काढत असेल, तर तिला माझ्याबाबतीत काय झालं ते कळलं पाहिजे. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही. खरं तर जिनं सांगायचं तिनं उलटंच सांगितलं.

पाणी बंद

माझी मुलगी ईशा झाली त्यानंतर हे सुरू झालं. आधी जडपणा, मग ठणका, मग बसलं की काहीतरी आत रुतल्यासारखं. बसच्या मागच्या सीटवर बसले की लामत्यापर्यंतचा एकेक गतिरोधक अंगातून जायचा.

शाळेत संडास आहे. त्याला कुलूप आहे, आणि कुलपाची चावी हेडमास्तरांच्या खिशात. चावी मागायची म्हणजे कशाला हवी ते सांगावं लागणार. म्हणून आम्ही शिक्षिका सकाळपासून पाणीच पीत नाही आणि घरी येईपर्यंत आवळून धरतो. वर्षानुवर्षं. कोणाला यात काही वावगं वाटत नाही, नवीन मॅडम आली की जुन्या मॅडम तिला हेच शिकवतात. या आवळून धरण्याचा माझ्या दुखण्याशी काही संबंध असेल हे मला फार उशिरा कळलं.

नवऱ्याजवळ जाणंही बंद झालं. दिलीपची मोटर वाइंडिंगची, म्हणजे जळलेल्या मोटरींमधली तार बदलून द्यायची दुकानदारी आहे, स्वभावानं सावकाश माणूस. त्यानं कधी जबरदस्ती केली नाही, पण मी कुशीवर वळले की तो थोडा वेळ छताकडे बघत राहायचा. आम्हाला ईशाच्या पाठीवर एक हवं होतं. मला तर फारच.

बालाघाटच्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. तपासणीत काही निघेना तरी गोळ्या चालूच. मग गोंदियाला एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वर धरला आणि म्हणाले, गर्भाच्या पिशवीला सूज आहे, काढून टाका, मोकळ्या व्हाल. मी म्हटलं, मला अजून एक मूल हवंय. ते म्हणाले, मग दुखणं सहन करा. पुढचा पेशंट आत आला होता.

मंडई

माझं माहेर कटंगीजवळच्या खेड्यात. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं, आणि गावातल्या लग्न होऊन गेलेल्या सगळ्या मुली माहेरी येतात. पुरुष मंडईत फिरायला गेले की दुपारी बाया आतल्या खोलीत आडव्या होतात. त्या खोलीत आमच्या घराण्यातल्या निम्म्या बायांच्या पिशव्यांचा निकाल लागला आहे.

कोणीतरी सुरू करतं, "तुह्यं झालं काय वो?" म्हणजे ऑपरेशन. झालेली सांगते, झालं. मग ती कुठे केलं, कोण सोबत होतं ते सांगते आणि शेवटी म्हणते, मोकळी झाली. हा शब्द ठरलेला. त्या खोलीत कोणी "झालं, पण दुखतंच" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. माहेरी दुखणं सांगायचं नसतं. आईबापांना घोर लागतो आणि सासरची नाचक्की होते.

त्या वर्षी मी ताईला बाजूला घेतलं. ताई माझी थोरली बहीण, तुमसरकडे दिलेली. आई दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणून मी ताईच्याच कडेवर वाढले. पाळी आली तेव्हा कापडाची घडी कशी घालायची ते तिनंच दाखवलं. मला शाळेत शिक्षिका व्हायचं होतं तर बाबांशी तीच भांडली, स्वतःची शाळा आठवीत सुटलेली असूनही. तिची पिशवी काढून काही वर्षं झाली होती आणि तिचं दुखणंही माझ्याच जागी होतं, हे मला माहीत होतं.

"ताई, खरं सांग. तुह्यं गेलं काय?"

"गेलं न वो."

"सारं?"

"सारं गेलं. पिशवी काढली अन् तिच्या संगं दुखणंबी गेलं. मी मोकळी झाली."

"पण मले अजून एक पाहिजे होतं."

"पोरगी आहे न तुले? अन् हे असं दुखणं घेऊन तू दुसरं कसं काढशील?" तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "कायले जीव जाळतं, कल्पना? करून टाक."

दिलीपला ते पटलं नाही. घरी आल्यावर मी सांगितलं तेव्हा त्यानं हातातली जेवणाची थाळी खाली ठेवली.

"थांबून पाहू," तो म्हणाला. "मोटर जळली नसन तं वाइंडिंग कायले काढाचं?"

"तुमच्या पोटात दुखत नाही म्हणून बोलून राह्यले."

"मी कुठं म्हटलं दुखत नाही? मी म्हणतो, दुसऱ्या डॉक्टरले दाखवू."

"ताईचं गेलं न सारं. ताई खोटं बोलंल काय?"

त्यानं थाळी पुन्हा हातात घेतली.

गोंदिया

ऑपरेशनच्या वेळी ताईच सोबत राहिली. माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. सकाळी माझे केस विंचरायची, बाजूच्या बाईच्या स्टोव्हवर पातळ भात शिजवून आणायची, नर्स रागावली की तिच्याशी गोड बोलून काम काढून घ्यायची. ती एक तर उभी असायची नाहीतर कुशीवर आडवी. बसलेली मला आठवत नाही. तेव्हा मला वाटलं, किती राबते बिचारी.

काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची तिथे पद्धत होती. स्टीलच्या ट्रेमध्ये घालून दाखवतात, म्हणजे काढली याची खात्री. ताई पाहून आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "लय खराब होती वो. बरं झालं." दिलीपनंही पाहिली. कितीतरी महिन्यांनी, एका रविवारी मटार सोलताना म्हणाला, "मले तं चांगलीच दिसली होती." मग लगेच, "मले काय समजते त्यातलं," असं म्हणून उठून गेला. मी बराच वेळ ते मटार तसेच धरून होते.

घरी आल्यावर काही दिवस खरंच बरं वाटलं. गोळ्या होत्या, विश्रांती होती, बसायचं कामच नव्हतं. मी ताईला फोन करून रडले, आनंदानं. मग सुट्टी संपली, बस सुरू झाली, लोखंडी खुर्ची समोर आली. पहिल्याच आठवड्यात ते परत आलं. त्याच जागी, तसंच.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "वेळ लागते वो. माह्यंबी असंच झालतं. मंग गेलं."

मी वेळ दिला. भरपूर दिला. दरम्यान दिलीपचा एकदा तोल गेला. मी ईशाच्या शाळेच्या कार्यक्रमात अर्ध्यातून उठून आले, तेव्हा तो रस्त्यातच म्हणाला, "आता तं ऑपरेशनबी झालं न? आता काय राह्यलं?" नंतर त्याला वाईट वाटलं, रात्रीचा स्वयंपाक त्यानं केला. पण ते वाक्य माझ्या अंगात बसलं, कारण मीही स्वतःला तेच विचारत होते. सगळ्यांचं जातं. ताईचं गेलं. माझंच का जात नाही? म्हणजे माझ्यातच खोट आहे. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका मॅडम. मलाही वाटायला लागलं की हे सगळं माझ्या डोक्यातच आहे.

बोट

शाळेत बदली होऊन एक नवीन मॅडम आली. तिनं काही दिवस मला पाहिलं आणि एका दुपारी सरळ विचारलं, "ही मूळव्याध नाही न?" तिच्या मावशीला हेच होतं आणि नागपूरला एक डॉक्टरीण या दुखण्यावर उपचार करते, असं तिनं सांगितलं. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. माझं दुखणं ओळखणारी ती पहिली बाई, आणि तिची माझी ओळख जेमतेम महिन्याची.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी खूप वेळ विचारलं. बसल्यावर दुखतं की उभ्यानं, लघवी किती वेळ रोखता, शौचाला त्रास होतो का, नवऱ्याजवळ जाता येतं का. मी खाली बघून उत्तरं देत होते. मग म्हणाल्या, "मी आतून एका बोटानं तपासणार आहे. नको वाटलं तर थांबा म्हणा, मी थांबेन." असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी एका ठिकाणी हळूच दाबलं. मी किंचाळले. लाजच वाटली.

"हेच का ते?" त्यांनी विचारलं.

हेच. नेमकं हेच. बसमधलं, खुर्चीतलं, रात्रीचं. इतकी वर्षं मी ज्याची जागा सांगत होते तिथे पहिल्यांदा कोणीतरी बोट ठेवलं होतं, आणि ते खरं होतं, डोक्यात नव्हतं. मी टेबलावर पडल्या पडल्या रडायला लागले. डॉक्टर बाजूला स्टुलावर बसून राहिल्या.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर सगळं पोट तोललेलं असतं. माझी झोळी आखडून गाठी पडल्यासारखी झाली होती. बाळंतपण, वर्षानुवर्षं लघवी आवळून धरणं, आणि दुखतं म्हणून आणखी आवळणं. दुखणं तिथे होतं.

"मग पिशवी?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "ती तेव्हा का काढली ते मी सांगू शकत नाही. कधी कधी काढावी लागतेच. पण हे दुखणं मला तिचं वाटत नाही."

दिलीप बाहेर बाकावर होता. मी त्याला सांगितलं. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही स्टेशनवर उभे होतो आणि त्यानं चहाचे दोन कप घेतले, दोन्ही माझ्याच हातात दिले.

त्या दिवशी मला डॉक्टरांचा राग आला, गोंदियाच्या. ताईचा नाही. ताईबद्दल मला वाटलं, तिची पिशवी खरंच खराब असेल, तिचं म्हणून गेलं.

सुया

उपचार म्हणजे त्या आखडलेल्या स्नायूंमध्येच सुईनं औषध सोडायचं, जागा बधिर करणारं. सगळ्यांना हे लागत नाही, सगळ्यांना लागूही पडत नाही, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं. सोबत रोजचे व्यायाम, आणि त्यात आवळायचं काहीच नाही, सगळं सोडायचं. श्वास घेताना खालून सैल व्हायचं. मला ते जमायला फार दिवस लागले, कारण सैल कसं व्हायचं हे मी विसरूनच गेले होते. व्यायाम शिकवणारी मुलगी तर म्हणाली, "काकू, तुम्ही दातसुद्धा आवळून धरलेत."

आमच्याकडे सुई म्हणजे मोठी गोष्ट. खोकला झाला तरी लोक म्हणतात, गोळ्या नको, सुई द्या. माझी सुई मात्र कोणाला सांगण्यासारखी नव्हती. सासूबाईंना सांगितलं कमरेत आहे. त्या लगेच शेजारणीला सांगून आल्या, आणि शेजारीण मला कमरेला चोळायचं तेल देऊन गेली. ताईला फोनवर एवढंच सांगितलं की नागपूरला सुया घेते आहे, कुठे ते नाही.

पहिल्या दिवशी मी टेबलावर पाय वर करून पडले तेव्हा पाय इतके थरथरत होते की नर्सनं गुडघ्यांवर हात ठेवला. आत सुई गेली की आधी तेच दुखणं दुप्पट होऊन मांडीपर्यंत धावतं. डॉक्टर म्हणतात, श्वास सोडा. मग ते एकदम उतरतं. दुसरी जागा, पुन्हा तसंच. हे सगळं होईपर्यंत घामानं माझं पोलकं भिजलं होतं. सोपं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण नंतर मला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. मी बसले. बसले आणि वाट पाहिली, आता येईल, आता येईल. आलं नाही. मी दोन्ही बाजूंनी, सरळ, माणसासारखी बसले होते. समोर एक म्हातारी डबा खात होती, तिनं विचारलं, "काय झालं वो बाई, कायले रडतं?" मी म्हटलं, काही नाही, बसले आहे.

औषधाचा असर उतरल्यावर ठणका परत आला, पुढचे दोन दिवस तर जास्तच. मग हळूहळू कमी. पुढची खेप, आणखी पुढची. दिलीपनं स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये अर्धी हवा भरून तिच्यावर सुती खोळ शिवून घेतली, बसमध्ये खाली घ्यायला. पोरं शाळेत विचारायची, मॅडम हे टायर कशाला. मी म्हणायची, पूर आला तर तरंगायला.

शाळेतही एक गोष्ट केली. हेडमास्तरांकडे गेले आणि संडासाची चावी मागितली. कशाला ते सांगितलं, मोठ्यानं. त्यांनी चावी टेबलावर ठेवली आणि फाइलमध्ये तोंड घातलं. आता ती चावी आम्हा शिक्षिकांच्या कपाटात असते.

दोन्हीकडून

पुढच्या दिवाळीनंतर मंडईला मी माहेरी गेले. दुपारी तीच खोली, त्याच बाया. या खेपेला माझ्या चुलतभावाची बायको मीनल होती, लग्नाला फार वर्षं न झालेली, एक लहान मुलगा. ती ताईजवळ बसून हळू आवाजात काही सांगत होती. मला एवढंच ऐकू आलं, "बसलं का दुखते."

आणि ताई म्हणाली, "करून टाक. पाह्य, मी कशी मोकळी झाली. पिशवी काढली अन् तिच्या संगं..."

मी दारात उभी होते. ताई बोलत होती आणि मी तिचं बसणं बघत होते. ती एका कुल्ल्यावर बसली होती. सगळा भार डाव्या हातावर, उजवीकडे गोधडीची घडी सरकवलेली, एक गुडघा वर. मी इतकी वर्षं तशीच बसत आले. या जगात असं बसण्याचं एकच कारण मला माहीत आहे.

पहिल्यांदा वाटलं, आपली काहीतरी चूक होते आहे, पाय अवघडला असेल तिचा. मी थोडा वेळ पाहिलं. तिनं बाजू बदलली आणि बदलताना ओठ आत घेतले.

"ताई," मी म्हटलं, "सरळ बस."

"काय?"

"मांडी घालून बस. दोन्हीकडून."

खोलीतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. ताई हसली. "काहून वो? मास्तरीण झाली म्हणून मले शिकवून राह्यली काय?"

"बस न. तू तं मोकळी झाली."

ती बसली नाही. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे माझ्यावरून हलले. मी मीनलला म्हटलं, "तू आधी नागपूरले चाल माह्या संगं. तिथं तपासू, मंग काय कराचं ते कर." आणि मी परसात निघून गेले, कारण अजून एक क्षण थांबले असते तर आईच्या घरात नको ते बोलले असते.

हातपंपाशी

ती माझ्यामागे आली. मी हातपंपाशी उभी होते.

"किती दिवस झाले दुखते?" मी विचारलं.

ती पदराचं टोक पिळत राहिली.

"ताई, मी विचारून राह्यली."

"गेलंच नाही," ती म्हणाली.

"मंग मले सारं गेलं काहून सांगतलं?"

"ऑपरेशन करून घरी गेली तं सासू म्हणे, निघालं न आता सारं? घरचे सारेच तोंडाकडे पाहून राह्यले. त्यायनं दोन महिने माह्यं काम ओढलं होतं. मी काय म्हणू? म्हटलं, निघालं. एक डाव म्हटलं, मंग रोजच म्हणा लागते."

"सासूले म्हटलं ते समजते मले. मी काय तुह्यी सासू होती? मी तुले बाजूले घेऊन विचारलं होतं. खरं सांग म्हटलं होतं."

"मायच्या घरी कोणी सांगते काय..."

"मायच्या घरचं सांगू नको मले. माह्यी पिशवी गेली, ताई. मले अजून एक पाहिजे होतं. दिलीप नाही म्हणून राह्यला होता अन् मी त्याले म्हटलं, ताई खोटं बोलंल काय."

नुसतं डॉक्टरांनी फसवलं असतं तर मला ते पचलं असतं. ते परके. त्यांच्याकडे दुसरा पेशंट आत आलेला असतो. पण जिनं मला कडेवर वाढवलं, जिच्या एका शब्दावर मी नवऱ्याशी भांडले, तिला माहीत होतं. माझ्या खाटेखाली झोपताना माहीत होतं. माझे केस विंचरताना माहीत होतं. मी फोनवर रडले तेव्हा "वेळ लागते" म्हणाली, तेव्हाही माहीत होतं.

ती म्हणाली, "मले वाटलं, तुह्यं तरी जाईल."

मी हात धुतले, जे आधीच स्वच्छ होते.

"ते सुई," ती खाली बघत म्हणाली, "तिथंच देतेत काय?"

"हौ."

"लय दुखते?"

मला वाटलं, आता मीही सांगू शकते. काही नाही वो, मुंगी चावल्यासारखं, दोन खेपांत मोकळी होशील. तिनं मला सांगितलं तसं, तितक्याच प्रेमानं. क्षणभर तसं सांगावंसं वाटलंही, आणि ते प्रेमापोटी नव्हतं.

"दुखते," मी म्हटलं. "लय दुखते. अन् सारं जात नाही. माह्यं अर्ध्याच्या वर गेलं, बाकीचं आहे. तुह्यं किती जाईल, मले सांगता येत नाही."

वाचणारीला

कोणाकोणाची पिशवी खरंच काढावी लागते. गाठी असतात, रक्त थांबत नाही. मी डॉक्टर नाही आणि काढू नका असं सांगणारी मी कोण. माझं म्हणणं एवढंच की काढण्याआधी कोणीतरी दुखण्याच्या जागेवर बोट ठेवून पाहिलं का, ते विचारा. आणि जिचं ऑपरेशन झालं आहे तिला विचारायचं असेल तर बायांनी भरलेल्या खोलीत विचारू नका. ती तुमची बहीण असली तरी नाही. मीनलला मी दोन महिन्यांनी घेऊन गेले. तिचं दुखणं वेगळंच निघालं, गोळ्यांवर भागलं.

ताईला त्यानंतर नेलं. तिनं सासरी सांगितलं, कल्पनाच्या ईशाचा वाढदिवस आहे. खोटं बोलायची सवय एका दिवसात जात नाही. राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाही.

डॉक्टरांनी तिला तेच सगळं विचारलं. ताई पदर तोंडाशी धरून उत्तरं देत होती. मग त्या म्हणाल्या, "ऑपरेशननंतर काही दिवस तरी बरं वाटलं होतं का?"

"नाही वो मॅडम," ताई म्हणाली. "एक दिवस बी नाही."

परक्या बाईला तिनं एवढ्या सहज सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीवर होते. ताईनं टेबलाखालून माझा हात शोधला. मी दिला नाही. पुढच्या खेपेला सुया होत्या, तेव्हा दिला.